हमीचं बक्षीस

३ फेब्रुवारी

प्रिय भावजी,

तुमच्या बुद्धिबळ स्पर्धेचं माहितीपत्रक काल पोचलं. पाकिटावरचा पत्ता छापील होता, तेव्हा ते तुम्ही आठवणीने धाडलंत की जुन्या यादीतून आपोआप निघालं, कळायला मार्ग नाही. मी आपलं पहिलं धरून चालते आहे. आलेल्या पाकिटाला उत्तर द्यायचंच, हे शाळेत सिस्टरांनी आमच्या हाडीमाशी रुजवलंय. त्या असंही सांगायच्या की पत्रातली अवघड गोष्ट दुसऱ्या परिच्छेदात लिहावी. पहिल्यात लिहिली तर माणूस दचकतो आणि शेवटी लिहिली तर लिहिणारा पळपुटा दिसतो.

तर दुसरा परिच्छेद. तुम्ही राहता ती जागा या स्पर्धेपायी बँकेकडे तारण ठेवली आहे, असं दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं. आपले जुने दातांचे डॉक्टर, दरवर्षी खेळायला यायचे ते. सांगताना ते माझी दाढ कोरत होते, त्यामुळे मला ‘काय?’ असंही विचारता येईना. चूळ भरून विचारलं, तर म्हणाले, तुम्हीच एका स्पर्धेत भेटून छाती पुढे काढून सांगितलंत. भावजी, ती जागा सोडवून घ्या. एवढंच मागायला हे पत्र लिहिते आहे.

बाकी माहितीपत्रक देखणं आहे. मोठ्या हॉटेलचं सभागृह, झुंबरं, गालिचा. पहिल्या बक्षिसाच्या आकड्यातली शून्यं मी चष्मा पुसून पुन्हा मोजली. खाली ठळक अक्षरांत आहे: प्रवेशिका कितीही येवोत, जाहीर केलेली प्रत्येक रक्कम पूर्ण दिली जाईल, ही आमची हमी. खेळाडूंना इतकं कुणी बजावून सांगत नाही. ते वाक्य तुम्ही या घराला उद्देशून लिहिलं आहे. ते इथे पोचलं, हे कळवते.

हे बरे आहेत. सकाळी फिरायला जातात, शब्दकोडं सोडवतात, दुपारी झोपत नाही म्हणत म्हणत झोपतात. तुमचा विषय घरात निघत नाही. मी लिहिते आहे हे त्यांना ठाऊक नाही. पत्रक मी कपाटाच्या खणात, तळाच्या कागदाखाली ठेवलंय.

तुमची,
वहिनी

२१ फेब्रुवारी

प्रिय भावजी,

चार ओळींचं का होईना, उत्तर आलं. जग बदललंय, म्हणता. मोठं बक्षीस ठेवलं की खेळाडू येतात, खेळाडू आले की फी येते, फी आणि प्रायोजक मिळून बक्षीस निघतं, जागा सुटते. या तीन ओळी झाल्या. चौथीत लिहिलंत, ‘आणि शब्द पाळण्याबद्दल त्या घराने मला शिकवू नये.’

मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्हाला मिसरूड फुटत होतं आणि घरात सगळे तुम्हाला उंट म्हणायचे. सरळ म्हणून कधी चालला नाहीत. पाणी हवं असलं तरी ‘माठ भरलाय का?’ असं विचारायचात. ती चौथी ओळ मात्र सरळ आली. लागली, पण बरंही वाटलं. अकरा वर्षांत या घराशी तुम्ही बोललेलं ते पहिलं वाक्य.

आता माझं थोडं ऐकून घ्या. मला बुद्धिबळातलं फारसं कळत नाही, घोडा अडीच घरं कसा जातो हे मी अजून बोटाने मोजते. पण तुमची स्पर्धा मी पहिल्या दिवसापासून पाहिली आहे, आणि अशा जागेवरून, जिथून तुम्ही दोघे भाऊ कधी पाहत नव्हतात.

आठवतंय ना पहिलं वर्ष? सुट्टीत रिकामं असलेलं शाळेचं सभागृह, लहान मुलांचे बाक, त्यांत गुडघे मुडपून बसलेले मोठे मोठे लोक. पहिलं बक्षीस एक मनगटी घड्याळ, तेही दुकानदाराने भीड पडली म्हणून स्वस्तात दिलेलं. हे पंच आणि खजिनदार, तुम्ही चिटणीस, आणि मी नावांच्या पाट्या लिहिणार आणि चहा बघणार. चहाचा नियम तुम्ही काढलात. एकट्याला चहा नाही. डाव संपला की जिंकलेल्याने आणि हरलेल्याने मिळून टेबलाशी यायचं, तरच दोघांना फुकट. लोक काकुळतीला यायचे, “वहिनी, तो मला हरवून निघून गेला हो, माझ्या एकट्याचा द्या.” तुम्ही मागून ओरडायचात, “शोधून आणा त्याला!” आणि लोक खरंच शोधून आणायचे. बाहेर फाटकापर्यंत धावायचे.

जोडीने आले की मग बोलायचे. कुठे चुकलं, कुठे वाचलो, तू तो हत्ती हलवला नसतास तर. दातांचे डॉक्टर इतकी वर्षं आले, एकदाही बक्षीस नेलं नाही. फी भरायचे, दवाखाना बंद ठेवायचे आणि मनापासून हरायचे. एकदा एका ग्रँडमास्टरने त्यांना साखरेच्या डब्याला राजा करून आणि बिस्किटांची प्यादी मांडून त्यांचा डाव समजावला. शेवटी ग्रँडमास्टरने एक प्यादं बोलता बोलता खाऊन टाकलं. ही गोष्ट डॉक्टर मला अजून सांगतात, तोंडात माझ्या कापूस असताना.

मग रंगांच्या कंपनीने पैसे दिले आणि बक्षीस वाढलं. दुसऱ्या वर्षी तुम्ही आणखी वाढवलंत, कारण शेजारच्या गावच्या स्पर्धेने वाढवलं होतं. गर्दी झाली, फोटो छापून आले, मलाही अभिमान वाटला. पण एक गोष्ट झाली. जिंकणारे चहाला येईनात. डाव संपला की ते खोलीवर जायचे, पुढच्या फेरीची तयारी करायला. इतक्या मोठ्या रकमेसाठी मीही गेले असते, त्यांचा दोष नाही. खालच्या गटालाही तुम्ही मोठं बक्षीस ठेवलंत, तर वर्षभर मुद्दाम हरून स्वतःचं रेटिंग पाडलेले तरबेज लोक त्या गटात येऊन बसले आणि भोळ्याभाबड्यांना सोलून गेले. हरलेला माणूस एकटाच टेबलाशी यायचा, नियम आठवायचा आणि मागे फिरायचा. मी हाक मारून चहा द्यायचे, पण ते कानकोंडे व्हायचे. नोंदींचे आणि वर्गणीचे आकडे तुम्हा दोघांकडे असायचे. माझ्याकडे किटली होती, आणि ती भरलेली राहायला लागली होती.

ते लोक पुढच्या वर्षी आले नाहीत. फी तेच तर भरत होते, भावजी. ग्रँडमास्टर फी देत नाहीत, उलट त्यांना खोली, जेवण, जाण्यायेण्याचं भाडं आपण देतो. बक्षीस नेणारे दहा-पंधरा, आणि ते ज्यांच्या जिवावर न्यायचं ते सगळे मागच्या रांगांतले. तुमच्या नव्या पत्रकात मागच्या रांगांसाठी काय आहे? मी दोन्ही बाजूंनी वाचलं. त्यांच्यासाठी फीचा आकडा आहे.

आणि ते शेवटचं वर्ष. तेही लिहिते, नाहीतर बाकीचं सगळं गोड गोड बोलणं होईल. नोंदी निम्म्याही आल्या नव्हत्या. ह्यांना ते पहिल्या दिवशीच दिसलं असणार. तरी त्यांनी सगळ्या फेऱ्या होऊ दिल्या आणि बक्षीस समारंभाच्या सकाळी पाकिटांतल्या रकमा कापल्या. पाकिटांवरची नावं मी लिहिली होती, माझ्या त्या कॉन्व्हेंटच्या वळणदार अक्षरात. तुम्हाला कळलं ते व्यासपीठावर, पहिल्या विजेत्याने पाकीट उघडून तुमच्याकडे पाहिलं तेव्हा. तुमच्या शब्दावर ते लोक आले होते. तुम्ही मोटारसायकल विकलीत, नोकरीतली पुंजी काढलीत, एकेकाची उरलेली रक्कम पोचती केलीत आणि गाव सोडलंत. सासूबाई गेल्या तेव्हाही दोघे अंगणाच्या दोन टोकांना उभे होतात. येणाऱ्या माणसाला कळेना, आधी कुणाजवळ जावं.

यात तुमची बाजू खरी आहे. पण तो डाग धुवायला राहतं घर कशाला?

तुमची,
वहिनी

१८ मार्च

प्रिय भावजी,

ह्यांनी खण आवरायला काढला. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाने कधी खण आवरला नव्हता, नेमका आत्ताच आवरायचा होता. मी बाजारातून आले तर पत्रक जेवणाच्या टेबलावर, आणि त्याच्या कडेला पेन्सिलीने आकडेच आकडे. मी पिशवी खाली ठेवली. मान वर न करता म्हणाले, “धाकट्याला लिहितेयस ना? मग लिही, झुंबराखाली पट मांडू नको म्हणावं. मोहऱ्यांच्या सावल्या पडतात.”

म्हणजे ठाऊक होतं. कधीपासून ते सांगत नाहीत.

त्यांचा हिशोब असा: नऊशे माणसं आली तर तोंडमिळवणी होईल. चारशे येतील. मी प्रायोजकांचं म्हटलं. म्हणाले, प्रायोजक म्हणजे आग्रहाचा पाहुणा. जेवायला येतो म्हणतो, ताट मांडलं की फोन उचलत नाही.

मग मी म्हटलं, हे सगळं भावजींना सांगा ना. माझी अक्षरं कशाला झिजवता? बराच वेळ पेन्सिल टेबलावर घोळवत बसले. वाटलं, उठून जातील, नेहमीसारखे. उठले नाहीत.

“कुठल्या तोंडाने सांगू?” म्हणाले. “आकडा मी तेव्हाही बरोबर काढला होता. दिवस चुकीचा निवडला.”

एवढंच. मग शब्दकोडं घेतलं. त्या शब्दकोड्याबद्दल मी पहिल्या पत्रात तुम्हाला लिहिलं, पण ते का ते लिहिलं नाही. त्या समारंभानंतर ह्यांनी मोहऱ्याला हात लावलेला नाही. कुणी पट मांडला तर खोलीतून उठतात. पट सगळे माळ्यावर आहेत, मी वर्षातून एकदा खाली काढून पुसते.

हे तुम्हाला लिहिलंय असं त्यांना कळलं तर मात्र खरंच रागावतील. वाचून फाडून टाका.

तुमची,
वहिनी

२६ एप्रिल

प्रिय भावजी,

या वेळी तुमचं पत्र लांबलचक. तुमचं अक्षर शेवटच्या पानावर अगदी तुमच्या दादासारखं होतं, हे तुम्हाला कुणी सांगितलंय का? घाईत असलात की ‘र’ला शेपूट निघते.

तुमच्या प्रायोजक गाद्यांच्या कंपनीने माघार घेतली, बँकेवाला रोज विचारतोय, आणि नोंदी चारशेच्याही आत. तरी तुम्ही लिहिता, जागा गेली तर जाईल, बक्षीस पूर्ण देणार, कारण या वेळी शब्द राहिलाच पाहिजे. भावजी, तुम्ही पन्नाशी ओलांडलीत. भाड्याच्या खोलीत हाताने भांडी घासत तुम्ही म्हणणार, शब्द राहिला. आणि ज्यांच्यासाठी राहिला ते ग्रँडमास्टर तोवर पुढच्या स्पर्धेच्या गावी पोचलेले असतील. त्यांना तुमच्या जागेचं काय?

दुसरी वाट आहे. ही मी ह्यांच्याकडून काढून घेतली, थोडं थोडं विचारून, म्हणजे मलाच कुतूहल आहे असं दाखवून. पहिली चाल व्हायच्या आधी, सगळे बसलेले असताना, उभं राहून सांगायचं: नोंदी इतक्या आल्या, फी इतकी जमली, बक्षीस त्या प्रमाणात. पटत नसेल त्याला फी परत आणि परतीचं भाडं. आज पत्रं पाठवता आली तर आजच पाठवा, पण तोंडानेही सांगा. मोठी मंडळी उठून जातील. जाऊ द्या. भाडं द्यावं लागेल, हॉटेलचं द्यावं लागेल, तरी हे म्हणतात, जागा सुटते.

तुम्ही विचाराल, मग माझ्यात आणि दादात फरक काय राहिला? खेळाडूच्या हातात फरक राहिला. बसायचं की जायचं, हे त्याला ठरवता येतं. त्या वर्षी त्या लोकांना ते ठरवताच आलं नव्हतं. तुम्हाला खरा राग त्याचा होता, असं मला नेहमी वाटत आलंय. रक्कम तर तुम्ही भरून काढलीत.

आता एक गोष्ट, जी न लिहिण्याचं मी वचन दिलंय. हे येत आहेत. तिकीट काढलं. मला म्हणाले, पंच कमी पडत असतील, मागे कुठेतरी उभा राहीन, त्याला दिसणार नाही असा. मी म्हटलं, दारातून वाकून आत जाणारा माणूस दिसणार नाही कसा? तर म्हणाले, “बसून राहीन.” माझा गुडघा तुमच्याकडचे जिने चढू देणार नाही, नाहीतर मीही आले असते. त्यांना पाहिलंत तर पाठ फिरवू नका. बोलू नका हवं तर, पण पाठ फिरवू नका. रक्तदाबाची गोळी सकाळी असते, ती विसरतात आणि घेतली म्हणून सांगतात.

तुमची,
वहिनी

१५ मे

प्रिय भावजी,

काय झालं ते ह्यांच्याकडून कळेल ही आशा मी धरलीच नव्हती. पहिल्या दिवशी फोन आला: “पोचलो. झुंबरं बंद करायला लावली. दिवे बरे आहेत.” मी विचारलं, आणि बाकी? म्हणाले, बाकी ठीक.

बाकी मला दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं. ते तिथे खेळायला आले होते आणि या वेळीही पहिला डाव हरले होते, त्यामुळे त्यांना भरपूर वेळ होता. म्हणाले, तुम्ही कागद घेऊन वर गेलात, पहिलं वाक्य वाचलंत आणि थांबलात. सभागृहात कुजबुज सुरू झाली. कुणीतरी शिट्टी मारली. तेव्हा मागच्या रांगेतून हे उठले आणि मधल्या वाटेने चालत पुढे आले. तुमच्या हातातून ध्वनिक्षेपक घेतला. डॉक्टरांनी मला त्यांचे शब्द तीनदा सांगितले, तेव्हा ते बरोबर असावेत.

“अकरा वर्षांपूर्वी याच्या स्पर्धेत बक्षिसं कापली गेली. ती मी कापली, सगळे डाव संपल्यावर, याला न सांगता. तो चोरटेपणा माझा होता. आज हा तुम्हाला पहिल्या चालीआधी सांगतोय. ज्यांना जायचंय त्यांनी दाराजवळच्या टेबलावरून पैसे घ्यावेत. तोवर घड्याळं सुरू होणार नाहीत.”

मी फोन बाजूला ठेवून पदराने चष्मा पुसला. डॉक्टरांना वाटलं, लाइन गेली.

ग्रँडमास्टर बहुतेक उठले, त्यांतले काही तुमच्याशी हात मिळवून गेले. एकाने आरडाओरडा केला, तो ऐकून घ्यावा लागला, आणि त्याचा हक्कच होता. एक तरुण मुलगी तेवढी बसून राहिली, म्हणाली, आता आलेच आहे तर खेळते. मागच्या रांगांतलं जवळजवळ कुणीच हललं नाही. हे मला तुम्हीही पत्रात लिहिलंत, पण तुम्ही एक गोष्ट गाळलीत. तुम्ही ह्यांना व्यासपीठाच्या पायरीशी म्हणालात, “दादा, तू बोलायची गरज नव्हती.” आणि हे म्हणाले, “तुझ्याशी मी अजून बोललेलोच नाही. मी खेळाडूंशी बोललो.”

हे सांगताना डॉक्टर हसत होते. हे मुख्य पंच म्हणून उभे राहिले आणि पुढचे सगळे दिवस तुमचा कारभार कसा चालला तेही कळलं. हे तुमच्यापासून हातभर अंतरावर उभे राहून दुसऱ्या पंचाला सांगायचे, आयोजकांना कळवा, तिसऱ्या रांगेतलं टेबल डुगडुगतंय. तुम्ही त्याच पंचाला सांगायचात, मुख्य पंचांना कळवा, पाचर लावली. तो बिचारा दोघांकडे आळीपाळीने बघत राहायचा. पन्नाशीचा एक आणि साठीचा दुसरा. सासूबाई असत्या तर दोघांचे कान धरले असते.

जागा सुटली हे वाचून मी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. उरलेली तूट तुम्ही वर्षभरात फेडाल असं लिहिलंय, ते जमेल. आणि शेवटी तुम्ही मला विचारलंत, तुमच्या जुन्या सवयीने तिरकं, की वहिनी, मग लोक अशा स्पर्धा भरवतात तरी कसे? सरळ विचारायचं होतं, परवडतात का? मला वाटतं, नाही. मोठ्या बक्षिसाची स्पर्धा कुणातरी श्रीमंताच्या हौसेवर उभी असते, तो खुर्चीतून उठला की तीही उठते. फीवर चालवायची असेल तर ज्याला बक्षीस कधीच मिळणार नाही त्याला पुढच्या वर्षी पुन्हा यावंसं वाटलं पाहिजे. ते कसं करायचं हे तुम्हाला मिसरूड फुटत होतं तेव्हा कळत होतं.

आता ह्यांच्याबद्दल. स्पर्धा संपून आठवडा झाला. आधी म्हणाले, खुर्च्या परत करायच्या आहेत. मग म्हणाले, निकालपत्रकं तपासायची आहेत. मी काही विचारलं नाही. काल संध्याकाळी फोन आला, पुढच्या आठवड्यातल्या गाडीने निघतो. गोळी घेतली का विचारलं, तर घेतली म्हणाले, म्हणजे घेतली नव्हती. तेवढ्यात मागून तुमचा आवाज आला, “दादा, तुझी चाल.”

“थांब जरा, घरी बोलतोय,” हे म्हणाले आणि फोन बाजूला ठेवला. बंद करायचा राहिला.

मी हॅलो म्हणणार होते, पण म्हटलं नाही. कितीतरी वेळ काहीच ऐकू आलं नाही. पंखा असावा, त्याची घरघर. मग लाकडावर लाकूड टेकल्याचा आवाज. तुम्ही म्हणालात, “बघ हं, घोडा जाईल.” हे म्हणाले, “मला दिसतंय. तू तुझं बघ.” पुन्हा शांत. कुणीतरी खुर्ची सरकवली. पुन्हा एक मोहरा. इकडे स्वयंपाकघरात दूध उतू गेल्याचा वास आला, तरी मी फोन कानाला धरून तशीच बसून राहिले.

त्यांचं ते तिकीट रद्द करून टाका. मी सांगितलं म्हणून सांगू नका. डाव लांबला म्हणून सांगा.

तुमची,
वहिनी